मंगल, तुझा हिशेब चुकला नव्हता

मंगल,

दुपारी एक वाजता मी दुकानाचं शटर अर्धं ओढते. डिचोलीचा बाजार त्या वेळी जेवून पेंगत असतो. मागच्या बाकावर आडवी झाले की नळ्यांचा, गमबुटांचा, पट्ट्यांचा रबरी वास डोक्यात चढतो आणि डोळा लागतो न लागतो तोच तू येतेस. शटरखालून वाकून, खांद्याला कॉलेजची पिशवी, केसांत हळर्णच्या नदीकाठचं एखादं वाळकं पान. "झोपलात काय वो वन्सं?" मी डोळे मिटूनच सांगते, "भांडायचं असेल तर चारनंतर ये. आता बंद आहे." तू हसतेस. तुझ्या हसण्याबरोबर छतावर उजेड हलतो, पाण्यावरून परतलेला असावा तसा. मी डोळे उघडते. वर पंखा असतो आणि शटरखाली रस्त्यावरचं ऊन.

तू जाऊन सव्वा महिना झाला. रोज येतेस आणि रोज मी तुला बोलू देत नाही. जिवंतपणी तरी कुठे दिलं? शेवटचे चार महिने आपल्यात शब्द नव्हता. गुरुदास म्हणतो, "तिच्याकडे शब्द होता ताई, तू ऐकत नव्हतीस." माझा धाकटा भाऊ, तुझा नवरा. जन्मात पहिल्यांदा मला उलट बोलला, तेही तू गेल्यावर.

माझा राग कशाचा ते तुला ठाऊक आहे. कॉलेजात तुझा प्रयोग होता त्या दिवशी तू सगळ्यांचे आभार मानलेस. चहा आणणाऱ्याचंसुद्धा नाव घेतलंस, माझं घेतलं नाहीस. आणि पुढच्या दहा मिनिटांत तुझा रबराचा पडदा सगळ्यांदेखत फाटला. मग तुझ्या फायलीत एक कागद लागला, ताणाचा हिशेब चुकीचा, काम बंद. तू गेलीस आणि कागद राहिला. हिशेब चुकला नव्हता हे मला पडदा फाटला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्यावरच्या रागापायी मी तोंड मिटून बसले. तो कागद तुझ्या नावावर तसाच राहू द्यायचा की नाही, एवढंच आता माझ्या हातात उरलंय. बाकी सगळं तू घेऊन गेलीस.

तू गडहिंग्लजकडून आलीस तेव्हा मला 'वन्सं' म्हणालीस. मी म्हटलं, "आमच्याकडे असं कोण म्हणत नाही गो. ताई म्हण." तू म्हणालीस, "ताई काय सगळ्याच असत्यात. वन्सं एकच." मालाच्या भावात मी कधी हरले नाही. शिरगावच्या खाणीवरचे फाटके पट्टे उचलून आणायचे, कापून गोठ्यात अंथरायला आणि चपलांच्या तळव्यांना विकायचे, तिथपासून हे दुकान मी उभं केलं. माझं लग्न का झालं नाही हे विचारायची छाती डिचोलीत कुणाची झाली नाही. आणि तू उंबऱ्यावर माप ओलांडल्या ओलांडल्या मला हरवलंस.

दुकानात पहिल्यांदा आलीस ती दुपार मला अजून पिवळी दिसते. माल उतरला होता. मी सवयीप्रमाणे रबराची पट्टी झटक्यात ताणली आणि ओठाला लावली. तू विचारलंस, "हे काय?"

"चांगलं रबर ताणलं की गरम लागतं. सोडलं की गार. भेसळीचं असलं तर मेल्यासारखं राहतं."

तू पट्टी माझ्या हातातून घेतलीस. ताणलीस, ओठाला लावलीस, सोडलीस, पुन्हा लावलीस. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. तुझ्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, हिला बरं वाटत नाही. "वन्सं," तू म्हणालीस, "आमची कॉलेजातली मुलं परीक्षेपुरतं हे पाठ करतात. तुमच्या ओठांना कुणी शिकवलं?" माझ्या कामात काही शहाणपण असेल असं त्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे, बाई वस्ताद आहे. ते वेगळं.

त्यानंतर तू सुट्टीला येऊ लागलीस. कॉलेजात तू प्रयोगशाळेतली साहाय्यक. दुसऱ्यांचे प्रयोग मांडायचे, दुसऱ्यांचे पुसायचे. स्वतःचा प्रयोग तू हळर्णला, तुमच्या घराच्या परसात मांडलास. काय करतेस म्हणून विचारलं तर रबराचा तुकडा माझ्यासमोर धरून सांगितलंस, आणि तुझ्यासारखं सांगणं मी पुन्हा ऐकलं नाही. "हा ताणला की मोठा होतो आणि पातळ होतो. दोन्ही अंगांना काजळीचा लेप आहे. ताणलेला असताना दोन्ही अंगांना थोडी वीज द्यायची. मग सोडायचा. तो आखडतो, पण दिलेली वीज कुठं जाणार? तिला जागा पुरेना होते. दाटीवाटीत ती जोर धरते आणि दिली त्यापेक्षा जास्त होऊन बाहेर येते."

"जास्तीची आणली कुणी?"

"ज्यानं ताणलं त्यानं. हातानं ताणलं तर हातानं. नदीनं ताणलं तर नदीनं."

"म्हणजे आधी आपण द्यायचं?"

"आधी आपण द्यायचं."

"असला धंदा मी केला नसता," मी म्हटलं. तू म्हणालीस, "म्हणून तर मी करत्ये."

तुला रबराचा मोठा पत्रा हवा होता. माझी हुशारी मी तिथे दाखवली. औद्योगिक वसाहतीतल्या व्यापाऱ्याशी तासभर भांडून त्याच दरात दुप्पट जाडीचा पत्रा काढला. माणूस रडायचा बाकी होता. टेम्पोतून हळर्णला आणून तुझ्यासमोर टाकला आणि वाट बघत उभी राहिले, आता ही काय म्हणते. तू अंगठा फिरवलास आणि खालीच बसलीस. हसून हसून तुझ्या डोळ्यांतून पाणी. "वन्सं, मला पातळ पाहिजे! जितका पातळ तितकी वीज. हा जाडजूड रेडा ताणायला नदी नाही, पूर लागंल!" गुरुदास गोठ्यातून धावत आला, काय झालं म्हणून. मी लालबुंद. पत्रा उचलला आणि तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी गेले आणि त्याच माणसाशी पातळ पत्र्यासाठी भांडले. तो म्हणाला, "बाई, कमी माल मागायला भांडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय."

तो पातळ पत्रा तुला हवा तसा होता. उन्हाकडे धरला तर पलीकडची नदी मधाच्या रंगाची दिसायची. त्यातून तू माझ्याकडे बघितलंस आणि मी तुझ्याकडे. दोघी मधात बुडाल्यासारख्या.

पहिली थोडी वीज द्यायला तू मच्छर मारायची बॅट फोडून तिच्या आतलं यंत्र काढलंस. निळं पिंप नदीत सोडलंस, त्याला दोरी, दोरीला पडद्याची चौकट, चौकटीला एक बारीक दिवा. भल्या पहाटे आपण खालच्या धक्क्यावर बसलो. धुकं इतकं की पिंप दिसत नव्हतं, नुसती दोरी धुक्यात शिरलेली. पलीकडून होडी गेली. तिच्या लाटा सावकाश आल्या. दोरी ताणली, सैल झाली. दिवा लागला आणि विझला. पुन्हा लाट, पुन्हा दिवा. तू बोटांवर मोजत होतीस. मीही मोजायला लागले, मोजण्यात माझा हात कोण धरणार, पण कुठे तरी माझा आकडा सुटला. किती वेळ गेला ठाऊक नाही. धुकं, पाणी, तो काजव्याएवढा उजेड आणि आपण दोघी, यांतलं काही जागेपणी घडलं असेल असं मला आज वाटत नाही. तू म्हणालीस, "फेरीबोटीच्या धक्क्यांवर असे शंभर लावायचे, वन्सं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लाटेवर दिवे." मी म्हटलं, "आणि पत्रा माझ्याच दुकानातला." "आणखी कुणाचा?" तू म्हणालीस.

म्हणून मंगल, मला लागलं. 'आणखी कुणाचा' म्हणालीस, आणि चारचौघांत नाव घेताना मी कुणीच नव्हते.

आता दुसरी बाजू सांगते. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

प्रयोग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होता. कुठली तरी समिती येणार होती. तिने मान डोलावली असती तर तुझे दिवे एका धक्क्यावर लागणार होते. खंडेनवमीला मी हळर्णला आले. तू कॉलेजात तयारीत. जाताना मला बजावून गेली होतीस, "वन्सं, चौकटीला हात लावू नका." मी लावणारही नव्हते. बाहेरच्या खोलीत नांगराचा फाळ, कोयते, पंप असं सगळं पुसून मांडलेलं, आणि शेजारी तुझी चौकट. गुरुदासने फाळाला तेल-कुंकू लावलं, कोयत्यांना लावलं, आणि तबक माझ्याकडे देऊन पाणी आणायला गेला. त्या चौकटीला काहीच न लावता पुढे जायचं? वर्षभर जे राबलं त्याला त्या दिवशी कुंकू लागतं. माझा जीव धजला नाही. कुंकू चिकटावं म्हणून खोबरेलाचं बोट फिरवलं आणि पडद्याच्या कडेला पाच टिकल्या लावल्या. वर झेंडूचं फूल ठेवलं. "हिचं भलं कर," म्हटलं.

गिऱ्हाइकाला मी उठता-बसता सांगते, रबराला तेल लागू देऊ नका. फळ्यावर लिहिलंय तसं. पण ते यंत्राचं तेल, इंजिनाचं तेल. खोबरेल आपण डोक्याला लावतो, जेवणात घालतो, ते कुणाचं काय वाईट करणार, असं वाटण्याइतकी मी त्या दिवशी घरातली बाई होते. दुकानदार डिचोलीत राहिली होती.

प्रयोगाच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत नवी साडी नेसून बसले. तू आभार मानलेस. मी कान देऊन होते. नावं संपली. मग मोटर सुरू झाली, पडदा ताणू लागला, दीडपट, दुप्पट, दिव्यांची रांग चमकू लागली. तू म्हणालीस, "हा तिप्पट ताणापर्यंत सुरक्षित आहे." तिप्पट व्हायच्या आधीच फट्‌ झालं. एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "हिशेब कुठे तरी चुकला वाटतं." तू पडद्याच्या कडेकडे बघितलंस. मग वर बघितलंस, त्यांच्याकडे. "हो सर. माझाच हिशेब चुकला."

मी पुढे आले तेव्हा फाटलेली कड टेबलावर पडली होती. रबर तिथे फुगून बुळबुळीत झालं होतं, आणि फिकट लाल डाग उरला होता. मला सगळं कळलं. कळल्यावर मी काय केलं? तुला म्हटलं, "रबरवालीचं नाव घ्यायला लाज वाटली ना?" आणि निघाले. म्हापशापर्यंत बसमध्ये उभी आले, जागा असून. माझ्या चुकीची लाज वाटत होती, ती मी रागाच्या खाली ढकलून दिली. राग मला सोपा जातो. त्यात मी तयार झालेली आहे.

तू फोन केलेस, मी उचलले नाहीत. एकदा दुकानात आलीस. मी गिऱ्हाइकाशी बोलत राहिले, तू थोडा वेळ उभी राहिलीस आणि गेलीस. ती खरी तू. त्यानंतर येतेस ती ही, शटरखालून वाकून येणारी.

तुझं बारावं झाल्यावर गुरुदास माझ्याजवळ बसला. मी म्हटलं, "तिने माझं नाव का घेतलं नसेल रे?" त्याने मान वर केली नाही. "प्रयोगाच्या दिवशी सकाळी पूजा उठवताना तिने तेल बघितलं होतं ताई. टिकल्या बघितल्या. कापसाने पुसलं सगळं. मी म्हटलं, ताईला फोन कर, दुकान उघडून दुसरा पत्रा देईल. घड्याळात साडेसहा. पोचला असता वेळेवर."

"मग?"

"म्हणाली, वन्संना कळलं की त्यांच्या हातून झालं, तर त्या पेटतील. त्या तबकावर, माझ्यावर, तुमच्यावर. आज नको. टिकला तर टिकला. आणि म्हणाली, आज त्यांचं नावही घ्यायला नको. काही झालं तर रबर कुणाचं, हा प्रश्न येईल."

मी उठून जनेलाची झडप उघडली. बाहेर तुझं निळं पिंप पाण्यावर होतं. दोरीला काहीच बांधलेलं नव्हतं.

मंगल, तू मला वाचवलंस असं सगळे म्हणतील. मलाही तसं म्हणावंसं वाटतं, त्यात मी चांगली दिसते. पण तसं नाही ते. साडेसहाला एक फोन केला असतास तर मी शिव्या घातल्या असत्या, शटर वर केलं असतं आणि टॅक्सीत बसून पत्रा मांडीवर घेऊन आले असते. तो फोन तू केला नाहीस, कारण मला घाबरलीस. सहा वर्षांचं काम एका बाजूला आणि माझं तोंड दुसऱ्या बाजूला, आणि तुला माझं तोंड जड वाटलं. आयुष्यभर लोक मला घाबरले त्याचा मी धंदा केला. माझ्याच घरात त्याची किंमत कोण मोजतं हे मी विचारलं नाही.

तरी मला तुझा राग येतो. सांगायचं होतंस! पेटले असते तर पेटले असते. विझायलाही येतं मला.

मग मी गेले. परवा. तुझ्या कॉलेजात, त्याच पत्र्याचे दोन तुकडे घेऊन. एकाच्या कडेला तीन दिवस आधी खोबरेलाचं बोट लावून ठेवलं होतं. दुसरा कोरा. तुझे विभागप्रमुख म्हणाले, "काकी, आता त्या फायलीत काय राहिलंय? मंगल मॅडम गेल्या."

"मॅडम गेल्या, कागद गेला नाही," मी म्हटलं. "मोजपट्टी आहे का तुमच्याकडे? की तीही मी आणायची?"

पट्टी आणली. टेबलाच्या कडेला तुकडे अडकवले आणि त्यांच्या हातात दुसरी टोकं दिली. गिऱ्हाइकाच्या हातात माल दिल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी रीत. "ओढा. सावकाश." तेलाचा तुकडा दुपटीला पोचता पोचता कडेपासून उसवला. कोरा त्यांनी तिप्पट ओढला. "आणखी ओढा," मी म्हटलं. साडेतीनपट गेला. त्यांनी तसाच धरून ठेवला. खोलीत आणखी दोघं आली होती. खिडकीतून ऊन त्या ताणलेल्या पट्टीत शिरलं, आणि त्या मधाळ उजेडात मला घटकाभर वाटलं, पट्टीचं दुसरं टोक तूच धरून आहेस.

"तिप्पट बरोबर होतं," ते म्हणाले. अगदी हळू. मग विचारलं, "तेल लागलं कसं?"

मी सांगितलं. तबक, कुंकू, फूल, पाच टिकल्या, सगळं. आवाज चढला नाही. मलाच तो ओळखू येईना.

"तसं नोंदवू," ते म्हणाले. "पूजेच्या वेळी अनवधानाने तेल लागलं, असं."

"कुणाकडून, ते लिहा."

"त्याची गरज नाही काकी. तुम्ही आपणहून आलात, तेवढं पुरे."

"गरज तुम्हाला नसेल. मी नावाशिवाय सही करत नाही."

बराच वेळ घासाघीस झाली. ते म्हणाले, 'नातेवाईक' लिहू. मी म्हटलं, नाव. ते म्हणाले, आडनाव लिहू. मी म्हटलं, पूर्ण नाव आणि खाली 'रबर व्यापारी, डिचोली'. शेवटी हसून त्यांनी लिहिलं. तुझ्या नावापुढे 'हिशेब बरोबर'. त्याखाली, तेलाच्या ओळीत, माझं नाव. नवी समिती बसेल म्हणाले, धक्क्यावर दिवा लागेलच असं नाही. मी दोनदा वाचलं आणि सही केली.

तेव्हा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं ते नाव आता असं लागलंय. जिथे लागायला हवं होतं तिथे.

आज दुपारी शटर अर्धं ओढलंय. मी बाकावर आडवी झालेली नाही, बसून आहे. आत ये, मंगल. काय बोलायचं ते बोल. सगळं. मी मध्ये बोलणार नाही.